तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून जो माणूस दुसऱ्यांची वाक्यं कापतो, त्याला लोक काय म्हणणार? कात्री म्हणायचे. तोंडावर कात्रीकाका, पाठीमागे नुसता कात्री. गावच्या छोट्याशा दैनिकात तो उपसंपादक होता. मजकूर आला की मोजायचा, जागेत बसेल तेवढा ठेवायचा, बाकीचा उडवायचा. आणि उडवायचा तो नेहमी खालून. हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बातमीदार महत्त्वाचं असतं ते वर लिहितो, खाली उरतो तो पाचोळा. तेव्हा शेपूट छाट आणि मोकळा हो. इतक्या वर्षांत त्याने इतक्या शेपट्या छाटल्या की त्याचा हात त्याच्या डोळ्यांच्या आधी चालायचा. बायको म्हणायची, "घरातसुद्धा माझं बोलणं अर्ध्यात तोडता." त्याने तेही अर्ध्यातच तोडलं असणार.

दर विधानसभेच्या निवडणुकीला पेपर एक खास पान काढायचा. उमेदवारांना पाच प्रश्न पाठवायचे, सगळे गावच्या रोजच्या कटकटीचे. नळाला पाणी कधी येणार, बस वाढवणार का, कचरा कुठे टाकायचा, असले. त्या वर्षी तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करून मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवावा का? प्रत्येक उत्तराला साठ शब्द. एक शब्द जास्त नाही. काचेच्या खोलीत बसणाऱ्या संपादकबाई या बाबतीत भलत्याच कडक होत्या. आणि त्यांचा दुसरा नियम असा, की ज्याचं उत्तर कापलं त्याला फोन करायचा, छापणार ते वाचून दाखवायचं, त्याचा होकार घ्यायचा आणि मगच पान सोडायचं.

उत्तरं आली. आमदारसाहेबांची त्यांच्या सेक्रेटरीने टाइप करून पाठवली होती, आणि पाचही उत्तरं 'सर्वांगीण विकास' इथून सुरू होत होती. कचऱ्याचासुद्धा सर्वांगीण विकास, आणि वॉर्ड मोठ्या शहरात हलवण्यातही तोच! दुसरा उमेदवार ट्रकवाला. त्याने बसच्या प्रश्नाला दोन पानं लिहिली आणि बाकी चार प्रश्नांना मिळून चार ओळी. तिसरा एक तरणाबांड पोरगा, त्याची उत्तरं होती, 'हो', 'नाही', 'नाही', 'बघू' आणि 'नक्की'. कात्रीचा त्याच्यावर फार जीव जडला.

चौथी उमेदवार म्हणजे सिस्टर. बाळंतपणाच्या त्याच वॉर्डात वीस वर्षं नोकरी केलेली नर्स. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिला सिस्टरखेरीज दुसरं नाव उरलंच नव्हतं. ना पक्ष, ना पैसा. मोठा भाऊ स्कूटरवर मागे बसवून तिला दारोदार फिरवत होता. तिने उत्तरं हाताने लिहून, स्वतः येऊन दिली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पानभर होतं.

चार वाजले होते, पान पाचला सोडायचं होतं. कात्रीने पहिल्या ओळी टाइप केल्या. वॉर्डाचं छत गळतं, भिंतींना ओल आहे, ऑपरेशनची खोली नावापुरती आहे. 'आज या वॉर्डात बाळंतपण करणं धोक्याचं आहे आणि तो हलवा म्हणणाऱ्यांचं मला चूक वाटत नाही.' शब्द मोजले. साठ! वाक्यही नेमकं तिथेच संपत होतं. असा योग वर्षातून एखाद्या वेळी येतो. तो खूश झाला, पुढचं वाचलंसुद्धा नाही. मग नियमाप्रमाणे फोन करायला बसला. आमदारांच्या सेक्रेटरीला उत्तरं वाचून दाखवली, ट्रकवाल्याशी बसवरून पंधरा मिनिटं हुज्जत घातली. सिस्टरचा फोन लागला नाही. एकदा लावला, 'व्यस्त' आला. दुसऱ्यांदा लावायचा म्हणून ठेवला तो ठेवलाच. चहा आला होता. आता काय सांगायचं तुम्हाला, चहा आला होता!

पान सोमवारी छापून आलं. मतदान येत्या रविवारी होतं. मंगळवारी सकाळी सिस्टर ऑफिसात हजर. ड्युटीवरून सरळ आलेली, अंगात पांढरा गणवेश, हातात पेपर. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. पण ती त्याच्या टेबलापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू का? हे तिसरं उत्तर... मी असंच लिहिलं होतं का हो?"

"का? काय झालं?"

"सकाळपासून लोक विचारतायत, तूही वॉर्ड हलवायच्याच बाजूची का म्हणून. भाऊ तर बोलतच नाही माझ्याशी. म्हणतो, आमदाराने तुला किती दिले ते तरी सांग. मला आठवतंय, मी पुढे आणखी लिहिलं होतं. पण ड्युटी संपवून घाईत लिहिलं, कागदाची दुसरी प्रतही ठेवली नाही. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

काचेच्या पलीकडे संपादकबाईंनी मान वर केली होती. कात्रीने ते पाहिलं. त्या वर्षी एकदा त्याला तंबी मिळाली होती, एका व्यापाऱ्याचं निवेदन न विचारता कापलं म्हणून. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं बाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती. सिस्टरचा कागद त्याच्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये, चार कागदांच्या खाली पडला होता. हात लांब करायचा, एवढंच काम.

"आलं तसं छापलं," कात्री म्हणाला.

 सिस्टरचा चेहरा उतरला आणि ती चक्क ओशाळली. "हो का? मग माझंच चुकलं असणार. लिहायची सवय नाही ना मला. उगाच तुमचा वेळ घेतला." आणि गेली.

ती गेल्यावर त्याने कागद काढून वाचला. त्याने जिथे कापलं होतं, त्याच्या पुढे लिहिलं होतं, 'पण छत दुरुस्त करायला चार महिने लागतात. मोठ्या शहराला जायला दीड तास लागतो, तो जन्मभर लागणार, आणि कळा कुणासाठी थांबत नाहीत. रस्त्यात बाळंत झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून वॉर्ड इथेच राहिला पाहिजे. मी निवडून आले तर पहिलं काम छताचं.' साधी बाई होती हो. समोरच्याचं आधी ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं, अशी तिची रीत. पेशंटशी ती तशीच बोलायची. महत्त्वाचं सगळं खाली होतं.

अजूनही वेळ गेली नव्हती. उठून काचेच्या खोलीत जायचं होतं. बुधवारी खुलासा छापता आला असता, पहिल्या पानावर. त्याने स्वतःला सांगितलं, एवढ्याशा उत्तराने कुणाचं मत फिरतं? पेपर वाचून कोण मत देतो? आणि संध्याकाळी घरी जाताना त्याने तो कागद फाडून गटारात टाकला. नीच काम, दुसरा शब्द नाही. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं होतं.

सिस्टर तीनशे अकरा मतांनी पडली. आमदारसाहेब पुन्हा आले, आणि वर्षाच्या आत वॉर्डाला कुलूप लागलं. त्या दाराजवळून जायला नको म्हणून कात्री ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाऊ लागला. बायकोला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. बायको खूश. कुणी 'सिस्टर' म्हटलं की त्याला वाटायचं, आता कळलं. कुणालाच कळलं नाही. हेच त्याला सोसवेना. कुणीतरी येऊन कॉलर धरावी, चार शिव्या द्याव्यात, आणि एकदाचं सुटावं, असं त्याला वाटायचं. पण शिव्या मिळत होत्या त्या सिस्टरला.

अशी दोन वर्षं गेली. त्याची मुलगी पहिलटकरीण, नवरा नोकरीसाठी लांब, म्हणून आईबापांकडे राहायला आली. नववा महिना लागला. एका दुपारी जेवताना ती तक्रार करत होती. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कळा सुरू झाल्या की लगेच निघा, उशीर करू नका.

"लगेच निघा म्हणे! दीड तास त्या गाडीत मी करू काय?" मुलगी म्हणाली. "इथे वॉर्ड होता तो त्या सिस्टरने घालवला. बाई असून म्हणे वॉर्ड हलवा! बाबा, तुमच्याच पेपरात वाचलं होतं मी. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, मत इथेच होतं. मी ठरवून तिला नाही दिलं."

"मीसुद्धा," बायको म्हणाली. "वीस वर्षं त्या वॉर्डाचं खाल्लं आणि शेवटी उलटली."

कात्रीने ताट बाजूला सारलं. कुणाची मतं फिरली असतील, याचा त्याने दोन वर्षं विचार केला होता. दोन मतं तर त्याच्याच घरातली होती.

दुसऱ्या दिवशी तो सिस्टरला शोधत गेला. वॉर्ड बंद झाल्यावर तिला विणकामाच्या कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती. फाटकाजवळ एक खोली, एक खाट, औषधांचं कपाट आणि टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र. तिने त्याला ओळखलं. "या ना दादा. किती घाम आलाय तुम्हाला! बसा आधी." तो काही बोलायच्या आत तिने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबायला लागली.

"बराच वाढलाय," ती म्हणाली. "कसली काळजी करता एवढी?"

पट्टा आवळलेला असतानाच त्याने सगळं सांगितलं. साठ शब्द, फोन, चहा, ट्रेमधला कागद, गटार. एक गोष्ट लपवली नाही. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून तो कपाटाकडे बघत बोलला. सिस्टरने पट्टा सोडला, गुंडाळला, डब्यात ठेवला.

"कापलंत ते कापलंत," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत होतं. माझ्याही हातून चुका झाल्यात. पण मी विचारायला आले तेव्हा मतदानाला पाच दिवस होते."

कात्रीने वर केलेली बाही खाली ओढली.

"दोन वर्षं मी स्वतःला मूर्ख समजत आले, ठाऊक आहे? एक ओळसुद्धा स्वतः लिहीत नाही मी आता. बँकेतला अर्ज शेजारणीकडून लिहून घेते. भाऊ घरी येत नाही. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं!"

"मी आजच संपादकबाईंना सांगतो. खुलासा छापतो, माझ्या नावानिशी. नोकरी गेली तर जाऊ दे. आणि तुमच्या भावाकडे मी स्वतः—"

"छापाच. भावाकडेही जा. मी काही नको म्हणणार नाही. पण माफ केलं असं समजू नका, अजून तरी नाही." ती पाठ फिरवून खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "आजच का आलात?"

त्याने मुलीचं सांगितलं. जेवताना ती काय बोलली तेही सांगितलं.

सिस्टर वळली. "कितवा महिना?"

"नववा. पहिलीच खेप."

"आणि गाडीत बरोबर कोण?"

"तिची आई. आणि मी."

"म्हणजे कुणीच नाही." ती चिडूनच बोलली. "मी बसेन तिच्याजवळ. तुम्ही पुढे ड्रायव्हरपाशी बसा, मला तुमचं तोंड दिसायला नको. पण एक सांगते. कळा आल्या की बाईला जवळच्या माणसावर भरवसा लागतो. मी वॉर्ड घालवला असं मनात धरून ती माझा हात धरणार नाही. तिला आधी खरं सांगा. तुमच्या तोंडाने सांगा."

तिथून तो सरळ ऑफिसात गेला. संपादकबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खुलासा लिहून घेतला आणि उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. तेवढं सोपं गेलं. घराच्या पायऱ्या मात्र तो एकेक करून चढला. मुलगी खुर्चीत बसली होती, सुजलेले पाय स्टुलावर टेकवून. बायको कपडे घडी करत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं.  मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, लहानपणी अनोळखी माणसाकडे बघायची तशी.

"बाबा, कितीजणींना जावं लागलं असेल हो त्या रस्त्याने? मोजलं का कधी तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने मोजलं नव्हतं.

"मी तिला जेवढं वाईट बोलले," मुलगी म्हणाली, "ते सगळं तुमचं होतं." मग खुर्चीचे हात धरून ती कशीबशी उठली. "चला. मला तिच्याकडे न्या. तुम्ही तिथे एक शब्द बोलायचा नाही, मी बोलेन. चपला कुठे आहेत माझ्या?"

चपला दाराशी होत्या. तिला वाकता येत नव्हतं. कात्री खाली बसला आणि त्याने एकेक करून तिच्या पायांत घातल्या. तिने आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, भिंत धरली.