काजव्यांचं आजोळ

माझ्या बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, यांच्याइतका काळोखाचा भुकेला माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी पावसाळ्याच्या तोंडावर लाटंबार्सेला आमच्याकडे येतात आणि दिवेलागणीलाच काजव्यांसाठी घरातले दिवे बंद करतात. "भावोजी, तो व्हरांड्यातला बल्ब!" मग जेवण चाचपडत. एकदा मी भेंडी समजून अख्खी मिरची चावली. फ्रिजमध्ये बांगड्यांशेजारी स्पिरिटच्या नळ्यांत काजवे. कोणाला सरबत द्यायचं तर बायको पेला आधी उजेडात धरून बघते. खरं सांगायचं तर मी थकलोय.

बापाकडच्या वंशाशी दादांना देणंघेणं नाही. पेशीत शक्ती पुरवणारे बारीक कण असतात, त्यांचा डीएनए वेगळा आणि तो फक्त आईकडून येतो, हे मी आता झोपेतही सांगेन. दोन काजव्यांच्या त्या डीएनएत फरक किती, ते मोजायचं. फरक कमी, तितकं नातं जवळचं. कुठल्या घराण्यात उजेड कधी आला, तेही त्यावरून ताडता येतं म्हणे. माणसांनाही हीच मोजपट्टी. माझ्या पुतण्यासाठी स्थळ आलं, मुलीचे वडील कुळाचं सांगू लागले, तर दादा मध्येच म्हणाले, "तें रावूं द्या. मुलीच्या आईकडच्या आजीची आई खंयची?" ते गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

आमच्या काजूच्या उतारावरच्या एका कोपऱ्यातले काजवे पेडण्याकडच्या काजव्यांशी जुळेनात, तेव्हा दादा अंगणात नाचले होते. "वेगळी शाखा, भावोजी! पण यांच्या माद्यांना पंख नाहीत. हे रान गेलं तर त्या जाणार कुठं?" मी कोपरा राखायचं कबूल केलं. हंगामाआधी काजूखालचं रान काढून पाला जाळायची आमच्याकडे रीत. सिंधुदुर्गातून येणाऱ्या गड्यांना मी बजावलं आणि बाजारात गेलो. परतलो तो कोपरा काळा. जुनी माणसं, काम अर्धवट ठेवायची त्यांना लाज. "मालक, तो कोपरोय साफ केलो! तुमका मागीर तरास कशाक?"

दादा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या पावसाळ्यात ते नुसते काळोखाकडे बघत बसले. पुढच्याही.

यंदा त्यांचा फोन आला. "दिसतात?"

वाढवून सांगणं मला जमत नाही. "एकही नाही, दादा."

ते हळूच म्हणाले, "मग येऊ का?" इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"या की," मी म्हटलं. "तुमची बहीण इथंच आहे."