कांद्याच्या ट्रकवर वाजलेला अलार्म

गेटवरचा लाल दिवा लागला आणि अलार्म वाजला तेव्हा ड्रायव्हर सोपानभाऊ कांद्याचा ट्रक घेऊन बाहेर पडत होते.

आमचं केंद्र नाशिकजवळ आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून आम्ही त्याला गॅमा किरण देतो. हे किरण कोबाल्टच्या कांड्यांतून येतात. काम नसताना त्या कांड्या खोल पाण्याच्या टाकीत असतात. किरण दिलेला कांदा स्वतः किरण सोडत नाही. मी रोज खातो. म्हणून बाहेर जाणाऱ्या गाडीवर अलार्म वाजला, की पहिली शंका एकच: कोणीतरी कोबाल्ट बाहेर नेतंय. ती कांडी उघड्यावर असेल तर जवळचा माणूस वाचत नाही.

मी इथला सिक्युरिटी ऑफिसर. मॉक ड्रिलमध्ये मी फार शूर असतो.

"पगारेबाई, गेट बंद करा. सगळ्यांना शेडमागे न्या." माझा आवाज चिरका निघाला.

"नेते," गेटवरच्या पगारेबाई म्हणाल्या. "पण ट्रकजवळ कोण जाणार, साहेब?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मॅनेजर मॅडमना फोन लावला. "टाकीतल्या कांड्या जागेवर दिसतायत," त्या म्हणाल्या.

"मग वाजतंय काय?"

"ते तुम्ही सांगायचं. पोलिसांना मी कळवते."

सोपानभाऊंना उतरवून भिंतीपाशी एकटं उभं केलं. मीटर घेऊन निघालो. किरण असले की मीटरची टिकटिक वाढते. बायकोला फोन करावासा वाटला, पण ती म्हणाली असती, "मग तुम्हीच कशाला जाताय?"

गोण्या: शांत. चाकांमागे: शांत. केबिन: शांत. ती शांतता मला जास्त घाबरवत होती. मी भिंतीकडे वळलो आणि पावलागणिक टिकटिक वाढू लागली. सोपानभाऊंनी आपणहून हात वर केले.

"खिशात काय आहे?"

"तंबाखू."

"बाजूला ठेवा. आणखी?"

"काही नाय, साहेब."

टिकटिक तेवढीच. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सोपानभाऊंनी हळूच बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला होता.

"काल हृदयाची तपासणी केली. फोटो काढायला सुईनं काही औषध टोचलं. मालकाला सांगू नका. गाडी दुसऱ्याला देईल."

काही तपासण्यांत असं थोडं किरण सोडणारं औषध देतात. एक-दोन दिवसांत ते उतरतं. आमचं यंत्र फक्त बाहेर जाणाऱ्या गाड्या तपासतं, म्हणून आत येताना कळलं नाही. मी हॉस्पिटलला विचारून खात्री केली, मॅडमना सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं आणि मी गोणीवर मटकन बसलो.

"रिपोर्ट काय आला?" सहज विचारलं.

"यायचाय. तोवर गाडी चालवू नका म्हणले."

"आणि निघालात कुठं?"

"इंदूरला."

भरलेला ट्रक, वाटेतले घाट आणि असं हृदय. मी किल्ली मागितली.

"कोबाल्ट नाय ना निघालं, साहेब? मग आता काय?"

मी किल्ली घेतली. मालकाला फोनही मीच केला. त्यांनी दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि सोपानभाऊ मनमाडला घरी बसने गेले, माझ्याकडे न बघता.

पुढे ब्लॉकेज निघालं, ऑपरेशन झालं. ट्रक काही परत मिळाला नाही. आता ते एकाचा छोटा टेम्पो चालवतात.

आम्ही आता आत येणाऱ्यालाच सुईचं विचारतो. आणि मी एवढं शिकलो, की शोधत होतो तो धोका सापडला नाही म्हणून लगेच गेट उघडायचं नसतं. सोपानभाऊंना हे पटलेलं नाही. टेम्पो आला की ते दोन्ही बाह्या पगारेबाईंना दाखवतात. माझ्याशी बोलत नाहीत.