बांधाच्या दोन्ही बाजूंचा टारफुला

पाऊस चांगला होऊनही बांधालगतची आमची ज्वारी पिवळी पडून माना टाकू लागली, तेव्हा काकूंचा संशय थेट शेजारच्या कौसाबाईंवर गेला. "तिनंच काहीतरी ओतलंय," म्हणत त्या मला घेऊन बांधावर गेल्या. पलीकडे कौसाबाई आपल्याच सुकलेल्या ज्वारीत उभ्या होत्या. आम्हाला पाहताच कडाडल्या, "आलात बघायला? काय टाकलंत माझ्या रानात?"

दोन्हीकडच्या ज्वारीच्या ताटांच्या बुडाशी नाजूक पांढरी फुलं डुलत होती. काकूंनी वाकून एक ताट हलक्या हातानं उकरलं. फुलाचं मूळ ज्वारीच्या मुळाला चिकटलेलं होतं.

"टारफुला!" त्या पुटपुटल्या.

हे तण जमिनीवर दिसायच्या आधीच खाली पिकाचा रस शोषून घेतं. या दोघींमधलं बोलणं तरी नेमकं कधी सुकू लागलं, ते आम्हा घरच्यांनाही कळलं नव्हतं.

दोघी आपापल्या बाजूचा टारफुला उपटू लागल्या. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात कौसाबाई थांबून म्हणाल्या, "पण आधी बी कुणाच्या रानात पडलं?"

काकूंचाही हात थांबला.