अक्का किडनीनं गेली नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात उभा होतो. भोवती बोली चालली होती, ढेपा टेम्पोत चढत होत्या, आणि पलीकडून दाजी एवढंच म्हणाले, "बसू, ये. संपलं." बसू म्हणजे मी, आणि दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मी तसाच निघालो. रस्त्यात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, चहाच्या गाड्यावर माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती. त्यांचा काय दोष... पण मला त्या हसण्याचा इतका राग आला, की गाडी थांबवून ओरडावंसं वाटलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. दिवस गेले की कमी होईल, असं सगळे सांगतात. माझा राग काही कमी होत नाही. त्यात घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "किडनीनंच गेल्या न्हवं?" त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

माझ्या बहिणीचं नाव गिरिजा. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी, त्यामुळं आई ती अव्वा आणि थोरली बहीण ती अक्का. वारणानगरला ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि दाजी तिथंच दूध संघात नोकरीला होते. अक्का म्हणजे अखंड माणसांत रमणारी बाई. आवाज असा, की तिसऱ्या गल्लीतल्या पोरानंही पाढा चुकवायचं धाडस करू नये. लग्नात तिला नुसतं जेवायला बसवणं ही शिक्षा होती. पदर खोचून ती पंगतीत उतरायची आणि नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकून पुढं निघून जायची. मला ती आयुष्यभर "गुळातला खडा" म्हणत आली. दुकानात आली की ढेपेचा तुकडा तोंडात टाकून गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "गूळ चांगलाय, मालकाचं तेवढं काय सांगू नगा." आणि माझ्याच खुर्चीत बसून माझ्या गिऱ्हाइकांची चौकशी करायची. हे सांगतो आहे, कारण पुढं लोक तिला घाबरट आणि माणूसघाणी म्हणाले. तसं म्हणणाऱ्यांनी तिला पंगतीत वाढताना बघायला हवं होतं.

पन्नाशीच्या आतच तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या खुर्चीत माझी धिप्पाड बहीण दिवसेंदिवस मावायला लागली, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि माझी किडनी जुळली. त्यात मी काही मोठं केलं नाही, कुणीही दिली असती. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला निरोप पाठवला तो असा, "बसूला म्हणावं, तुझा माल उतरला, चालू हाय." मी टाके सांभाळत हसलो होतो. पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुसऱ्याची किडनी बसवली म्हणजे गोष्ट संपत नाही. शरीर तिला परकी समजून हुसकायला बघतं, म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या शरीराची प्रतिकाराची ताकदच दाबून टाकतात. आपल्याला जी सर्दी दोन दिवस शिंकायला लावते, ती अशा माणसाला आडवं करू शकते. लसही त्यांच्या अंगी पुरेशी लागत नाही. अक्कानं नोकरी सोडली, दोघं कोल्हापूरला कळंब्याजवळ राहायला आली, आणि तोंडाला मास्क लावून ती भाजी आणायला जाऊ लागली. तेव्हा रस्त्यातली पोरं वळून बघायची.

मग करोना आला आणि सगळं गाव अक्कासारखं झालं. हे लिहायला विचित्र वाटतं, पण त्या भयंकर काळात माझी बहीण थोडी सुखात होती. जे ती एकटी करत होती ते आता सगळेच करत होते. गल्लीतल्या बायका तिला विचारायला यायच्या, मास्क कसा धुवायचा, हात कधी धुवायचे, आणि अंगणात लांब लांब उभ्या राहिलेल्या त्या बायकांचा ती वर्ग घ्यायची. तिची शाळा परत भरली होती. माणसं मरत होती, यार्ड बंद होतं, गुऱ्हाळं थंड होती, मी घरात बसून भिंतीशी भांडत होतो... आणि अक्का मात्र म्हणायची, "आता कळलं न्हवं, आम्ही कसं जगतो ते?" मला वाटलं होतं, हे एवढं तरी माणसं लक्षात ठेवतील.

ठेवलं नाही. साथ ओसरली आणि वाद सुरू झाला, की आता याला संकट म्हणायचं की नेहमीचा आजार. आमच्या भागातल्या वाचनालयानं त्यावर जाहीर चर्चा ठेवली. व्यासपीठावर एक डॉक्टर, एक मुख्याध्यापिका आणि व्यापाऱ्यांच्या बाजूनं मी. मुख्याध्यापिका बाई पोटतिडकीनं बोलल्या, मुलं वाचायला विसरली, काही तर परत शाळेत आलीच नाहीत. मीही जोरात बोललो, की हमालाचं पोट आकड्यांवर भरत नाही, बंदच्या नावानं पुन्हा यार्डाला कुलूप लागलं तर लोक आजाराआधी उपासानं मरतील. त्यातला एकही शब्द मी आज मागं घेणार नाही. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की हा विषाणू आता जाणार नाही, आपल्यातच राहील, इतर आजारांसारखं त्याच्यासोबत जगायला शिकू या. सभागृहात टाळ्या पडल्या. माणसं थकली होती, त्यांना तेच ऐकायचं होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. अक्का आत आली नव्हती, उंबऱ्याबाहेर मास्क लावून उभी होती. "डॉक्टर, एक विचारू का? क्षयपण आपल्यातच राहतो. म्हणून त्याला कुणी साधा म्हणत नाही. औषध घ्या, तोंडावर रुमाल धरा, असंच सांगता न्हवं? मग याचंच तेवढं सगळं सोडा असं का म्हणता? मी बंद करा म्हणत न्हाय. ज्याला खोकला हाय त्यानं चार दिवस माणसांत येऊ नये, यावंच लागलं तर तोंड झाकावं, एवढंच म्हणते." डॉक्टर भले गृहस्थ होते, अजिबात चिडले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. तुमच्यासारख्यांनी स्वतःची काळजी घ्यायलाच हवी." आणि पुन्हा टाळ्या पडल्या. अक्काच्या मुद्द्याला पडल्या, असंच टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं असेल. परत येताना तिनं गाडीची चारही तावदानं खाली केली. मग म्हणाली, "काळजी मी घेतेच की रे. पण हवा काय माझ्या एकटीची हाय?"

त्यानंतरची वर्षं मी जवळून बघितली. पहिल्यांदा लोक तिची थट्टा करायचे, मग रागवायला लागले. बारशाला का आली नाही, वास्तुशांतीला बाहेरूनच का गेली, आमच्या घरात काय रोग भरलाय का... कोल्हापूरच्या माणसाचा जीव लावण्याचा प्रकार तुम्हाला माहीत आहे, जवळ ओढल्याशिवाय आणि खायला घातल्याशिवाय त्याचं मन भरत नाही. नकार हा त्याला अपमान वाटतो. अक्कालाही एकेकाळी वाटायचा, म्हणून तर तिला ते जास्त लागायचं. सकाळी कळंब्याच्या तलावावर मोकळ्या हवेत ती मास्क काढून फिरायची, तेवढाच वेळ तिचा. हळूहळू दवाखान्यातल्या बाकांवरही मास्क लावलेली ती एकटीच उरली. तिथं एका ओळखीच्या माणसानं तिला विचारलं, "बाई, अजून तुमचा करोना गेला न्हाय व्हय?" तिनं घरी येऊन ते हसत सांगितलं. हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

यंदा माझ्या मुलीचं, गौरीचं लग्न ठरलं. लग्न मोकळ्या लॉनवर करायचं, ही अट गौरीनंच घातली. "आत्ती यायला पायजे, न्हायतर रजिस्टर करून मोकळी होते," असं तिनं सासरच्यांना तोंडावर सांगितलं. कडेला, वाऱ्याच्या तोंडाशी अक्काची खुर्ची मांडली होती. हिरवी इरकल नेसून आणि त्याच रंगाचा मास्क लावून ती आली, मला म्हणाली, "गुळातल्या खड्या, आज तरी हस." लोक भेटायला गेले की ती लांबूनच हात जोडत होती, आणि पंगत बसली तेव्हा वाढप्यांना बसल्या जागेवरून ओरडून सूचना देत होती. कितीतरी वर्षांनी मी तिचा तो आवाज ऐकला. मला वाटलं, जमलं. सगळं नीट पार पडलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला, अंगात ताप होता. घरच्या घरी तपासायचं किट आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानदार हसला, "ते आता कोण मागतंय, सर्दीच असंल." शेवटी दवाखान्यात तपासणी झाली आणि करोनाच निघाला. अतिदक्षता विभागात नेण्याआधी तिनं मला सांगितलं. अक्षता पडल्यावर आमच्या घरातलंच एक मोठं माणूस पेढ्याचा बॉक्स घेऊन तिच्याकडं गेलं होतं. घसा बसलेला, मधूनच खोकत होतं, वर म्हणालं, "नुसती सर्दी हाय, हवा बदललीय. भाचीचं लगीन आन् तोंड बांधून बसलीयास व्हय? आ कर." आणि प्रेमानं मास्क खाली ओढून पेढा भरवला. "न्हाय म्हणता आलं न्हाय रे, बसू," अक्का म्हणाली. "ज्याच्या कडेवर खेळले त्याला कसं न्हाय म्हणू? आणि खरं सांगू... बरं वाटलं. किती वर्षांत कुणी मला भरवलं नव्हतं." मग माझा हात धरून तिनं शब्द घेतला, की ते नाव कुणाला सांगायचं नाही.

म्हणून मी ते इथं लिहीत नाही. आमच्या घरात मोठी माणसं पुष्कळ आहेत आणि लग्नात खोकणारीही पुष्कळ होती. विषाणू नक्की त्याच घासातून आला की दुसऱ्या कुणाच्या श्वासातून, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटू दे, की आपणच ते. सर्दी असताना, खोकला असताना, "त्याला काय होतंय" म्हणत जो जो कुणाच्या तरी कार्याला जाऊन आला, त्या प्रत्येकाला वाटू दे. मला कुणाला शिक्षा करायची नाही. पण मला एकट्याला हे पेलत नाही.

तिची फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली. मी काचेबाहेर उभा असायचो आणि डॉक्टर बाहेर आले की वेड्यासारखा एकच प्रश्न विचारायचो. ती जायच्या आदल्या दिवशी तिथल्या एका तरुण डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "काका, किडनी अजून उत्तम चालली आहे." मी काय करू त्या किडनीचं? ती माझी होती. माझ्या अंगातून निघून तिच्या अंगात ती इमानानं राबली, तिनं कधी दगा दिला नाही. मातीच्या दिवशी माझ्या पाठीवर हात फिरवत एक पाहुणे म्हणाले, "शेवटी परक्याची ती परक्याचीच, किती दिवस टिकणार?" मी त्यांच्या अंगावर ओरडलो. चार माणसांनी मला बाजूला नेलं, पाणी पाजलं, बहिणीच्या दुःखानं डोकं फिरलंय म्हणाले. फिरलंच होतं. पण मी जे ओरडलो ते खरं होतं. ती किडनीनं गेली नाही. ज्याला तुम्ही आता साधा म्हणता, त्यानंच ती गेली.

मागच्या रविवारी दाजींकडं गेलो. व्हरांड्यात दोघं बसलो होतो. फाटकाशी शेजारचा माणूस आला आणि बाहेरच थबकला. या फाटकाशी दाजींनी कितीतरी वर्षं पहारा केला आहे. आलेल्याला आधी "सर्दी-खोकला न्हाय न्हवं?" विचारायचं आणि असला तर हात जोडून परत पाठवायचं. त्यापायी त्यांनी मित्र गमावले, सख्ख्या भावाशी अबोला धरला. त्या माणसाच्या तोंडावर रुमाल होता. रुमालाआडून म्हणाला, "दाजी, मला जरा खोकला हाय. भाईरनंच बोलतो."

अक्का इतकी वर्षं जे मागत राहिली, ते एक माणूस शेवटी शिकलं होतं. दाजी त्याच्याकडं बघत राहिले. मग सावकाश उठले, पायऱ्या उतरून गेले आणि फाटक सताड उघडलं.

"या की आत," ते म्हणाले. "आता कुणाला जपायचंय हितं?"