नापास म्हैस

नवरा अन्न निरीक्षक असला, की घरात डाळ-तांदळापेक्षा किस्से जास्त साठतात. डाळ-तांदूळ विकत आणावे लागतात आणि ते आम्हाला कुणी विकत नाही. किस्से मात्र घरपोच येतात! लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याला अजून वर्षही झालं नाही, तरी डबा काठोकाठ भरलाय. माहेर माझं कागलचं, घरात चार म्हशी. बोलायची सवय कमी, बघायची जास्त. तेव्हा बघितलं तेवढंच सांगते.

०

लग्नानंतर पहिल्यांदा हे मला फिरायला घेऊन निघाले. महाद्वार रोड, संध्याकाळची वेळ, माझी नवी साडी, केसात गजरा. वळणावरच्या किराणा दुकानाचं शटर खाडकन खाली आलं. मग शेजारचं. मग समोरचं. बघता बघता अख्खा रस्ता बंद!

मी घाबरले. कुणीतरी मोठा माणूस गेला असणार.

"अहो, कोण गेलं हो?"

"कुणी गेलं नाही," हे मान खाली घालून म्हणाले, "मी आलो."

एका मिठाईवाल्याचं शटर अडकलं होतं, म्हणून तो सापडला. मी पेढे मागितले.

"पावणं, माल संपला."

"मग मागं ताटात काय आहे?"

"त्ये खायाचं हायत, वैनी. तपासायचं न्हाईत!"

शेवटी गंगावेशीत आलो. तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, म्हैस समोर पिळतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात. तिथं एकटा सदाबामामा हलला नव्हता. साठीचा माणूस, डोक्याला मळकट पटका, शेजारी त्याची काळीभोर गंगी.

"तुम्ही नाही पळालात?" मी हळूच विचारलं.

"म्हशीला शटर कुठनं बसवू, वैनी?"

०

आता यांच्या ऑफिसात नमुन्यांचा महिन्याचा कोटा असतो. महिना संपत आलेला, नमुने कमी पडलेले, आणि हे दिसले की बाजार बंद. उघडं सापडणारं ठिकाण गावात एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाटल्या, लाख आणि मेणबत्ती घेऊन थेट गंगावेशीत! देवळाला जायचं म्हणून मीही मागोमाग होते.

नमुना घ्यायचा तर पंच पाहिजे. पेल्याची वाट बघत उभ्या असलेल्या एका पैलवानाला यांनी विनंती केली, "इथं सही करा. तुम्ही बघताय ना?"

"बघतोय की!"

"मग?"

"सही करन्याएवढं बघितलं न्हाय!"

शेवटी ऑफिसच्या शिपायानेच सही केली. तो तर पाठ करून उभा होता.

सदाबामामाला मात्र आनंद झालेला. सरकार आपल्या म्हशीचं दूध बाटलीत भरून नेतंय म्हणजे सन्मानच की! "पयल्या धारा सायबाच्या!" म्हणून त्याने भांडं लावलं. तिथली रीतच तशी आहे. पहिल्या धारा पाहुण्याला, शेवटच्या पैलवानांना. पैलवान शेवटच्या धारांसाठी तासभर ताटकळतील, पण पहिला पेला घेणार नाहीत. का, ते म्हैस पाळणाऱ्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. पहिलं दूध पातळ उतरतं, शेवटचं दाट.

मला ठाऊक होतं. ऑफिसात कुणालाच नव्हतं. तिथं सगळे पदवीधर!

एका नमुन्याच्या तीन बाटल्या करतात. एक प्रयोगशाळेला, एक ऑफिसात, एक मालकाला. सदाबामामाने लाखेचं सील लावलेली आपली बाटली घरी देव्हाऱ्यात ठेवली. मामी रोज तिला हळदकुंकू वाहायच्या.

०

रिपोर्ट आला. फॅट कमी. पाणी मिसळल्याचा संशय. नापास!

सदाबामामा पटका हातात घेऊन आमच्या दारात आला. कायदा नुकताच कडक झालेला, गुन्हा शाबीत झाला तर कमीत कमी सहा महिने.

"सायेब, तुमच्याफुडं पिळली. तुम्ही डोळं झाकलं व्हतं काय?"

"नाही."

"मी पानी घातलं?"

"नाही."

"मग नोटीस म्हशीला द्या की! मला का?"

सदाबामामा माझ्याकडे वळला. "वैनी, तुरुंगाचं भ्या न्हाय. पर गंगी दुसऱ्याला हात लावू देत न्हाय. मी आत बसलो तर हिला पिळणार कोन? सा म्हैन्यांत आटंल ती. मग बाहीर येऊन काय करू?"

तो गेल्यावर मी यांना पहिल्या धारेचं सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही.

"तू म्हणतेस ते खरं असेल," हे म्हणाले, "पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

फाइल खटल्याच्या मंजुरीसाठी मुंबईला मोठ्या साहेबांकडे गेली.

०

फाइल मुंबईत होती तेव्हाची गोष्ट. गावाबाहेरच्या एका तेलाच्या कारखान्यावर अचानक तपासणी ठरली. ऑफिसने रीतसर पत्र पाठवलं, 'येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपल्या कारखान्यास अचानक भेट देण्यात येईल.'

मंगळवारी हे पोचले, तर दारात रांगोळी. वर कापडी फलक, 'अचानक तपासणीसाठी आलेल्या पाहुण्यांचे हार्दिक स्वागत!' भिंतींचा चुना ओला. कामगारांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, प्रत्येक टोपीला किमतीची चिठ्ठी तशीच. मालकाने स्वतः एक डबा पुढे केला.

"ह्यातनं घ्या नमुना."

"दुसऱ्या डब्यातला घेतो."

"घ्या की! पर त्यो तयार केल्याला न्हाय."

नमुना तयार डब्यातलाच गेला. उत्तम पास झाला!

०

मग मोठे साहेब स्वतःच कोल्हापुरात आले. सदाबामामासाठी नव्हे हो! गुळासाठी. दिल्लीच्या कमिटीत गुळाचं सरकारी मानक ठरायचं होतं, साहेब त्या कमिटीवर. गुळाच्या व्यापाऱ्यांनी 'मार्गदर्शन शिबिर' ठेवलं होतं. कोण कुणाला मार्गदर्शन करणार, ते पत्रिकेत छापलं नव्हतं. सहकुटुंब निमंत्रण होतं, म्हणून मीही गेले.

प्रश्न सोपा होता. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रस उकळताना काहिलीत पावडर मारतात. ती किती चालावी?

व्यापाऱ्यांचे पुढारी आप्पासाहेब उभे राहिले. "खातं आन् व्यापारी म्हंजे एकाच गाडीची दोन चाकं!"

टाळ्या. गाडीत कोण बसलंय आणि जू कुणाच्या मानेवर आहे, हे कुणी विचारलं नाही.

"आपण सध्या किती घालता?" साहेबांनी वही उघडली.

"लागंल तेवढी."

"कमिटीला आकडा लागतो."

"मग तुम्ही आकडा टाका, सायेब. आम्ही त्यात बसतो. न्हाय बसलो, तर आकडा जरा सरकवा!"

साहेब हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बायकांच्या बाजूला जेवणं चालली होती. पोळीबरोबर गूळ आला तो काळाकुट्ट. मी आप्पासाहेबांच्या पत्नीकडे बघितलं.

"पिवळा नाही का, काकू?"

"अगं बाई, त्यो कोन खातंय! त्यो विकायचा."

०

जेवणानंतर आप्पासाहेबांना गावाचा अभिमान दाटून आला. "सायेब, गंगावेशीतलं दूध घेतल्याशिवाय कोल्हापूर बघितलं म्हनू नगा!"

सगळी वरात कट्ट्यावर. मी सगळ्यांच्या मागून चालत होते, ती चार पावलं भराभर टाकून पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. सदाबामामा भांडं धूत होता.

"मामा," मी खालच्या आवाजात म्हटलं, "साहेबांना पहिला पेला द्या. आणि शेवटचाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. गालात हसला आणि गंगीच्या पाठीवर थाप मारली.

पहिला पेला साहेबांच्या हातात गेला. साहेबांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि चेहरा वाकडा केला.

"पाणी आहे यात."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. हे तर पांढरेफटक! मागे दोन पैलवान खुदकन हसले. सदाबामामा पिळत राहिला. शेवटच्या धारा दुसऱ्या पेल्यात घेतल्या आणि पेला अदबीने पुढे धरला.

साहेबांनी तो एका दमात संपवला. मिशीला फेस. "वा! दूध म्हणतात ते याला! निरीक्षक, बघा, शिका जरा! हे कोणत्या म्हशीचं?"

"हिचंच, सायेब."

"आणि आधीचं?"

"त्येबी हिचंच."

साहेबांनी गंगीकडे बघितलं. गंगी रवंथ करत होती.

"सायेब," सदाबामामा भांडं खाली ठेवत म्हणाला, "तुमच्याकडं माझी फाइल हाय. दोन पेल्यांच्या मधी हिनं पानी घालायचं कवा सोडलं, तेवढं तिच्यात लिवा."

पैलवान एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारची म्हैस बुजली.

०

पंधरा दिवसांनी फाइल परत आली. 'खटल्यास मंजुरी नाही.' मी देवापुढे साखर ठेवली. आमच्याच घरची, न तपासलेली.

पण चूक खात्याची झाली, असं खातं कसं म्हणेल? फाइलबरोबर सर्व निरीक्षकांना एक परिपत्रक आलं. यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं, 'दुधाचा नमुना घेण्यापूर्वी दूध वरखाली ढवळून एकजीव करून घ्यावे. नमुना थेट जनावराकडून घेतानाही हीच दक्षता घेण्यात यावी.'

"थेट जनावराकडून," हे चष्मा काढून म्हणाले, "आत ढवळायचं कसं?"

"फॉर्ममध्ये रकाना नाही?" मी विचारलं.

यांनी परिपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. शिस्तीचा माणूस, दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी परिपत्रक कट्ट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. सदाबामामाने मन लावून ऐकलं, दोनदा मान डोलावली.

महिना संपत आला. बाजार पुन्हा बंद, कोटा पुन्हा अपुरा. हे बाटल्या, लाख, मेणबत्ती घेऊन गंगावेशीत गेले, आणि मी आपली देवळाला म्हणून मागोमाग. कट्ट्यावर पैलवान होते, बाकीच्या म्हशी मालकांविना उभ्या होत्या, पण सदाबामामा नव्हता, गंगीही नव्हती.

"पळाला वाटतं शेवटी," हे म्हणाले. सुटकेच्या आवाजात म्हणाले, असं मला वाटलं.

इतक्यात रंकाळ्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. "सरका! सरका की वो पावणं!" सायकली बाजूला झाल्या, भाजीवालीने पाटी उचलली, आणि समोरून गंगी चौखूर उधळत आली. मागे दाव्याला धरून, पटका सुटलेला सदाबामामा. अख्ख्या गंगावेशीला त्यांनी एक वळसा घातला. मग दुसरा. मग दोघं धापा टाकत बरोबर यांच्यापुढे येऊन थांबली.

सदाबामामाने घाम पुसला, खाली बसून भांडं लावलं, आणि वर बघून म्हणाला,

"घ्या सायेब सँपल. ढवळून आनलीया!"