देवघरातली पळी

रिसालीतल्या त्या घरी जप्त केलेली औषधाची बाटली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. ती निम्मी भरलेली होती आणि सगळा संशय तिच्यावरच उभा होता.

घरातली म्हातारी फिटचा झटका येऊन वारली होती. अहिवाऱ्याहून आलेल्या तिच्या मुलीने अंत्यसंस्कार थांबवून आमच्या ठाण्यात खबर दिली की वहिनी मुद्दाम फिटचे औषध देत नव्हती. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, नोंदवला, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले. त्यात विषाची खूण आढळली नाही.

प्रश्न उरला बाटलीचा. दोनशे मिलीची बाटली, दहा मिली सकाळी, दहा रात्री. म्हणजे दहा दिवसांत संपायला हवी. आणून उघडली त्याला दहा दिवस झाले होते, हे मुलगा आणि सून दोघांनीही मान्य केले. मग निम्मे औषध उरले कसे? मी कागदावर दोनदा गणित केले. चूक नव्हती.

सुनेला ठाण्यात बसवले. तीही माझ्यासारखी विदर्भाकडची, नवरा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क. एकही वेळ चुकवली नाही, एवढेच ती सांगत राहिली. आमच्या महिला हवालदाराने टोमणा मारला, "बहू, शीशी झूठ नहीं बोलती।" तरीही ती चिडली नाही. खोटे बोलणारा माणूस बहुधा कारणे देतो. हिच्याकडे एकही कारण नव्हते. ते मला खटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी नेले आणि औषध कसे देत होती ते करून दाखवायला सांगितले. नणंदही तिथेच होती. सुनेने हात धुतले, देवघरात गेली आणि तीर्थाची चांदीची लहान पळी घेऊन आली.

मी विचारले, बाटलीबरोबर मापाचे झाकण होते ना?

"होतं. पण आई प्लास्टिकचं तोंडाले लावत नव्हत्या, साहेब. म्हणे, मले देवाच्या पळीनं दे. तीर्थासारखं हातावर घेत होत्या. डॉक्टरनं दोन चमचे सांगितले, म्हणून मी दोन पळ्या देत होती."

मी त्या पळीने झाकणात पाणी ओतले. दहाच्या खुणेपर्यंत पोचायला चार पळ्या लागल्या.

सुनेने हळूच विचारले, "पुरं दिलं असतं तर वाचल्या असत्या का?"

हाच प्रश्न मी नंतर डॉक्टरांना विचारला. त्यांनी खात्रीने काही सांगता येत नाही असे लेखी दिले. गुन्हा नाही, असा अहवाल पाठवून मी मर्ग बंद केला. पण त्या सकाळी तिला उत्तर मी दिले नाही, नणंदेने दिले. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "वहिनी, आईनं माझ्या हातूनबी पळीनंच घेतलं असतं."

यंदा माझी पत्नी गेली. तिचेही औषध उरले. तेव्हा कळले की उरलेल्या बाटलीसमोर घरचे माणूस स्वतःलाच आरोपी करून बसते. बाटलीवरून किती औषध पोटात गेले एवढेच कळते. ते देणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून विचारावे लागते.