शेंदराखालचा बरमा

रंग दिलेली कुठलीही लोखंडी वस्तू समोर आली की उस्ताद आधी उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावर टेकवत, किंचित खरवडत आणि म्हणत, "आधी खालचं पाहू." मग ती दाराची कडी असो, बग्गीचा दिवा असो, नाहीतर सुपरिंटेंडंट साहेबांची नवीकोरी लोखंडी खुर्ची. खुर्चीवर त्यांनी नख टेकवलं तेव्हा मी तिथंच होतो. साहेब त्याच खुर्चीत बसलेले होते.

देवासच्या दरबारी कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. माणूस मूळचा धारचा. आजोबा आणि वडील तिथल्या सिलेखान्यात होते, म्हणजे तलवारी, भाले, बंदुका घासूनपुसून जपणं हे घरचं काम. पुढं तलवारी नुसत्या दसऱ्याला बाहेर निघू लागल्या आणि उस्तादांच्या हाताला काम उरलं नाही. घरात तीन पिढ्यांची विद्या आणि गंजायला एक धड तलवार नाही, असं ते स्वतःच हसून सांगत. म्हणून ते देवासला आले आणि तलवारींऐवजी यंत्रांचे भाग साफ करू लागले. मी त्याच कारखान्यात कोठीचा कारकून होतो.

तुमच्यापैकी कुणी त्या काळचं देवास पाहिलं असेल तर ठाऊक असेल, गावात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. कारखाना एका पातीत, उस्तादांचं घर दुसऱ्या पातीत, आणि मधलं अंतर तोंडातलं पान संपायच्या आत काटावं एवढंच. पण सरकारी यंत्राचा भाग घरी न्यायचा म्हणजे तो परराज्यात चालला! त्याची चिठ्ठी मी लिहायचो. 'लोखंडी चाक नग एक, सफाईसाठी परराज्यात रवाना.' संध्याकाळी ते चाक उस्तादांच्या अंगणात तुळशीशेजारी चुना फासून बसलेलं दिसायचं.

काम घरीच करायचं हा त्यांचा हट्ट. कारखान्यात इंजिनाचा धूर आणि लोखंडाचा कीस उडतो, ओल्या रोगणाला चिकटतो, म्हणायचे. जुना रंग उतरवायला ते चुना आणि सज्जीखार कालवून थापत आणि वर ओलं पोतं टाकत. दुसऱ्या दिवशी रंग सालीसारखा सुटून यायचा. मग गंजाला चिंचेचा कोळ. मग विटेची वस्त्रगाळ भुकटी तेलात भिजवून काथ्यानं घासणं. शेवटी तो भाग गोवऱ्यांच्या मंद आचेवर तापवायचा आणि गरम असतानाच जवसाच्या तेलाचा बोळा फिरवायचा. असं सात-आठ वेळा केलं की लोखंडाला पिकल्या जांभळासारखा काळा रंग चढायचा. त्यावर वर्ष वर्ष गंज धरत नसे.

"चिंच आणते मी आमटीला आणि पितं यांचं लोखंड," काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सांगायच्या. "येणारेजाणारे विचारतात, आज काय शिजतंय? मी म्हणते, चाक आहे, बसा, होईलच एवढ्यात." हे म्हणताना त्या स्वतःच गोवऱ्या सरकवत असायच्या. आच किती हवी ते उस्तादांपेक्षा त्यांनाच जास्त कळायचं, आणि उस्ताद ते कबूलही करत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

कारखान्यात तेलावर चालणारं एक इंजिन होतं. छताखाली फिरणाऱ्या दांड्यावरून चामडी पट्टे खाली उतरत आणि त्यांवर सगळी यंत्रं चालत. त्यांतला एक उभा बरमा होता, लोखंडाला भोकं पाडणारा. तो मांगीलाल चालवायचा. सतवास गावाकडचा, अबोल, कामाला चोख. एकदा त्या बरम्याचा पट्टा तुटून त्याच्या कानाजवळून सणसणत गेला आणि भिंतीचा गिलावा उडवून पडला. मांगीलालला ओरखडाही आला नाही. त्यानं त्याच दिवशी बरम्याला शेंदूर लावला.

तिथून सुरुवात झाली. आधी खंडेनवमीला, मग दर शनिवारी, मग ज्याच्या घरी आजारपण त्यानं. तेलात कालवलेला शेंदूर थरावर थर चढत गेला. नऊ वर्षांत बरम्याच्या डोक्याला भैरूच्या, म्हणजे भैरवाच्या, मूर्तीसारखा गोल आकार आला. नवा माणूस कारखान्यात आला की त्याच्यापाशी चपला काढायचा आणि कुणी त्याला हसायचं नाही. मीही मुलीच्या गोवराच्या वेळी नारळ फोडला होता, उगाच खोटं कशाला बोलू?

पण बरमा बिघडला. तापायचा, धुरकट वास सोडायचा, भोकं वाकडी पाडायचा. साहेबांनी सांगून टाकलं, की दसऱ्यापर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर मोडीत. आणि बरमा मोडीत म्हणजे मांगीलाल घरी. घरी खाणारी सात तोंडं होती.

उस्तादांना बोलावलं. ते आले, नेहमीप्रमाणे अंगठा पुढं केला, आणि मांगीलालनं त्यांचं मनगट धरलं.

"नख मत लगाओ, उस्ताद. देव है."

सगळा कारखाना थांबला. उस्तादांनी हात मागं घेतला, जोडला आणि म्हणाले, "बरोबर आहे, भिया. चूक झाली." आणि निघून गेले.

दोन दिवसांनी आले ते मांगीलालच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

"तुमच्याकडचा भैरू कधी चोला सोडतो का रे?"

"सोडे है. बारा-पंदरा बरस में."

आमच्या माळव्यात शेंदराचं जुनं कवच देवाच्या अंगावरून सुटलं की देवानं चोला सोडला म्हणतात. ते शुभ मानतात. वाजतगाजत नेऊन नदीत सोडतात.

"मग याचाही वखत आला असेल. त्याला जड झालं असेल रे. म्हणून तापतोय."

 मांगीलाल हळूच म्हणाला, "ने कई हुई ग्यो तो?"

"काही झालं तर ते माझ्यावर. काढणारा मी आहे, तू नाहीस. हे सगळ्यांसमोर सांगतो."

असं बोलायचं नसतं. पण ते बोलले.

बरम्याचं डोकं खोलून गाडीवर ठेवलं. फाटकावरच्या शिपायानं माझी चिठ्ठी वाचली आणि मान वर करून विचारलं, "बाबूजी, इसमें लिखा है यंत्र. ये तो देव है. क्या लिखूँ?" मी म्हटलं, "दोन्ही लिही." त्यानं तसंच लिहिलं आणि गाडीच्या मागं चार पावलं अनवाणी आला.

अंगणात काकूंनी सडा घातला होता, निरांजन लावलं होतं. चुना नाही, चिंच नाही. उस्तादांनी नुसती मंद आच दिली आणि ऊन तेलाचा हात फिरवत राहिले. दुपारपर्यंत कवच जाड भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटू लागलं. एक कण खाली पडू दिला नाही, सगळं तांब्याच्या परातीत. मांगीलाल उपाशी, हात जोडून समोर उभा.

शेवटचा पापुद्रा निघाला आणि उस्तादांनी त्याला जवळ बोलावलं. लोखंडात मुगाएवढं एक भोक होतं, शेंदरानं गच्च बुजलेलं. आतल्या फिरत्या दांड्याला तेल पाजायचं भोक.

"बघ. वरून तू याला तेलानं न्हाऊ घालत होतास आणि याच्या घशात थेंबही जात नव्हता."

मांगीलालनं दोन्ही कान धरले आणि तिथंच खाली बसून रडला. उस्तादांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "जेवून घे आता. काकूनं पुरण घातलंय."

पुढचे आठ दिवस त्यांनी त्या डोक्यावर जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. काळंभोर, नितळ. एका बाजूला मात्र रुपयाएवढी जागा त्यांनी घासून पांढरी ठेवली, तेलाच्या भोकापासून लांब. "शेंदूर इथं लावायचा. देवाला एवढी जागा पुरते." दसऱ्याच्या आधी बरमा सुरू झाला. अर्ध्या दिवसानं मांगीलालनं त्यावर तळहात ठेवला. गार होता. साहेबांनीही हात लावून पाहिला.

शेंदराचं कवच नर्मदेत सोडायला उस्ताद आणि मांगीलाल बैलगाडीनं नेमावरला गेले. उस्ताद परत आले ते तिथल्या घाटावरची घंटा कशी हिरवी पडली आहे आणि पुजारी ती घासू देत नाही, ही तक्रार घेऊन.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण वर्षभरात उस्तादांची नजर जाऊ लागली. आधी चिठ्ठी लांब धरून वाचायचे, मग माझ्याकडून वाचून घेऊ लागले, मग एक दिवस कारखान्याच्या उंबऱ्याला अडखळून पडले. सगळ्यांनी मांगीलालकडे पाहिलं.

"म्हारो पाप इनका माथे आयो," तो मला म्हणाला. त्याचं कामावरून लक्ष उडालं. उस्तादांनी त्याला शंभरदा सांगितलं, मोतीबिंदू आहे रे, माझ्या बापालाही होता, देवाचा काय संबंध? तो ऐकून घ्यायचा आणि मान खाली घालायचा. शेवटी त्यानं भैरूला नवस केला, की पुढच्या दसऱ्यापर्यंत उस्तादांची नजर परत आली नाही, तर बरम्याला होता तसा पुरा चोला चढवीन आणि यंत्राला पुन्हा हात लावणार नाही. मग बरमाही गेला असता आणि मांगीलालही. त्याला थांबवायची कुणाचीच छाती नव्हती, माझीही नाही.

उस्ताद आणि काकू धारला मुलीकडे गेले. तिथून इंदूरला जाऊन मोतीबिंदू काढून घेणार होते. जाताना ते मांगीलालला म्हणाले, "नजर परत आली की कळवतो."

दसरा आठ दिवसांवर आला तेव्हा माझ्या नावानं धारहून एक पुडकं आलं. आत तेल घालायची एक लोखंडी कुप्पी, जुनीच, पण अशी सजवलेली की मी ती नुसती हातात धरून बसलो. अंग काळंभोर, कुठं डाग नाही, कुठं बोळ्याची रेघ नाही. तोटी आरशासारखी. बरम्याच्या त्या भोकात बरोब्बर जाईल एवढी बारीक केलेली. सोबत उस्तादांच्या मुलीच्या हातची चिठ्ठी होती; वडिलांना ती दादा म्हणायची.

'दादांनी ही मांगीलालसाठी पाठवली आहे. नजर परत आली असा निरोप सांगायला सांगितलं आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासलं, मोतीबिंदू नाही, नजर परत यायची नाही म्हणाले. दादांना आता दिवस की रात्र एवढंच कळतं. कुप्पी महिनाभर चाचपून चाचपून केली. आच आई बघायची, रंगही तीच सांगायची. हे मांगीलालला कळू देऊ नका, असं दादांनी बजावलं आहे.'

चिठ्ठी घडी करून मी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि कुप्पी घेऊन कारखान्यात गेलो.

मांगीलालनं ती दोन्ही हातांत घेतली. उजेडाकडे नेली. फिरवून फिरवून पाहिली, तोटीत स्वतःचं तोंड पाहिलं. किती तरी महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं मी.

"नजर आ गई, बाबूजी! उस्ताद की नजर आ गई. बिना आँख के कोई ऐसो काम करे है कई?"

"नहीं करता," मी म्हटलं.

त्यानं कुप्पी कपाळाला लावली, तेल भरलं आणि पट्टा चढवायला गेला.